साहेबांचे खांदे

इस्रायलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन समुद्रकिनारी वाळूवर चक्क शीर्षासन करीत आहेत, असे १९५७ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. वय सत्तरीचे, डोक्यावर नवख्या देशाचा भार आणि पाय मात्र आकाशाकडे! त्यांचे गुरू मोशे फेल्डेनक्राईस हे भौतिकशास्त्राचे अभ्यासक आणि जूदोतले जाणकार. स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्याने त्यांना शिकवले, की स्नायूंना दामटण्यापेक्षा हालचालीकडे लक्ष दिले तर शरीर अधिक शिकते. पाठदुखीने बेजार झालेले पंतप्रधान त्यांचे विद्यार्थी झाले.

शीर्षासन हा दिसणारा भाग. फेल्डेनक्राईस यांचा खरा धडा साधा आहे. जमिनीवर निजायचे, मान सावकाश वळवायची आणि तेवढ्यात जबडा, खांदे, श्वास काय करतात ते न्याहाळायचे.

अशा गोष्टी आता बड्या कंपन्यांच्या नेतृत्व-प्रशिक्षणात शिरल्या आहेत. कुठे योग, कुठे ध्यान, तर अमेरिकेत जपानी ऐकिदोच्या डावांवरून अधिकाऱ्यांना शिकवणारे वर्गही आहेत. साहेबांना श्वास घ्यायला शिकवण्यासाठी कंपनी पैसे मोजते, हे ऐकून आपल्या आजीला हसू येईल. पण हे हसण्यावारी नेऊ नये. साहेब केबिनमध्ये शिरतानाच शिपाई त्यांचे खांदे पाहून आजचा रागरंग ओळखतो. संध्याकाळी बाबांच्या चपला काढण्याच्या आवाजावरून घरातली मुलेही तेच ओळखतात. ज्याला ते कळत नाही असा एकच इसम उरतो, तो म्हणजे स्वतः साहेब!

मात्र नुसता आव आणून भागत नाही. छाती काढून, हात पसरून दोन मिनिटे ऐटीत उभे राहिले तर रक्तातली संप्रेरकेही बदलतात, असा दावा अमेरिकेतील तीन संशोधकांनी २०१० साली केला. तो फार लोकप्रिय झाला. २०१५ साली दोनशे जणांवर तो प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला. लोकांना आपण जोरदार आहोत असे वाटले खरे, पण संप्रेरके जागची हलली नाहीत. २०१६ साली मूळ तिघांपैकी एक, डॅना कार्नी, यांनी आपला त्या परिणामावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. ऐट ही दुसऱ्याला दाखवायची असते; लक्ष स्वतःकडे द्यावे लागते. दोहोंत हाच फरक.

आमचा खरा आक्षेप पुढेच आहे. दहा माणसांचे काम सहांवर लादायचे आणि सहाही जणांना शनिवारी दीर्घश्वसन शिकवायचे, हा शुद्ध कावा झाला. पाठीवरचे ओझे कमी न करता पाठ ताठ ठेवायला सांगण्यासारखेच ते. शांत झालेल्या साहेबांनी त्याच शांतपणे रात्री नऊ वाजता नवे काम सोपवले, तर ती शांतता काय कामाची?

म्हणून अशा वर्गांचे मोजमाप साहेबांना किती हलके वाटले यावर करू नये. ते हाताखालच्यांना विचारावे. चूक झाली, माल परत आला, मुदत हुकली, हे सांगायला निघालेला कारकून केबिनच्या दाराशी पूर्वीइतकाच अडखळतो का? तो सरळ आत जाऊन बोलू लागला, तर साहेबांचे खांदे खरोखर उतरले आहेत असे समजावे. नाहीतर कंपनीने एक चटई विकत घेतली, इतकेच.