पैसा त्याचा, हात मामाचे

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये 'शार्क टँक' लागलं की आपण मेसची वेळसुद्धा विसरतो. कुणी पाच टक्के दिले, कुणी वीस, यावर रात्री बारापर्यंत वाद! 'फंडिंग' हा शब्द ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की बाहेरचा पैसा मिळाला म्हणजे धंदा जिंकला. दिवाळीत घरी सौंदडला गेले आणि हा भ्रम उतरला.

सौंदडला माझ्या मामाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमचा भाग धानाचा. उन्हाळी धानाला पाणी चालू असताना मोटर जळली की शेतकऱ्याला ती आजच्या आज दुरुस्त करून हवी असते. मामा रात्र-रात्र बसून कॉइल भरतो. यंदा गोंदियाच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्याला ऑफर दिली. ३ लाख घ्या, हायवेवर साकोलीला दुसरं दुकान काढा, दोन्ही दुकानांत माझा अर्धा हिस्सा. मी लगेच म्हटलं, "घे ना मामा, विचार कसला करतोस?" मामा म्हणाला, "पैसा त्याचा, हात माहे. मंग मालक कोन?"

मी वही काढली. मामाला खर्च जाऊन महिन्याला सरासरी २० हजार सुटतात. अर्धे दिले तर वर्षाला १ लाख २० हजार. म्हणजे अडीच वर्षांत त्यांचे ३ लाख वसूल, आणि हिस्सा पुढेही चालूच! तेच ३ लाख बँकेकडून १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता ६,७०० च्या आत, एकूण परतफेड ४ लाखांच्या आसपास, आणि मग सुटका. कर्ज फिटतं, हिस्सा फिटत नाही. दुसऱ्या दुकानाने कमाई वाढेल म्हणाल, पण तिथे बसणार कोण? मामा तर एकच आहे!

बाहेरचा पैसा वाईटच असतो, असं मात्र नाही. कैलाश काटकरांनी १९९० च्या सुमारास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान काढलं. भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस बनवला, त्यातून 'क्विक हील' उभी राहिली. 'सिकोया'ने तिच्यात ६० कोटी गुंतवले ते २०१० मध्ये, आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. म्हणजे मोठा पैसा आला तोवर धंदा दुरुस्तीचा राहिला नव्हता, सॉफ्टवेअरचा झाला होता. एकदा बनवलेलं सॉफ्टवेअर लाखो कॉम्प्युटरवर चालतं. मामाने भरलेली कॉइल एकाच मोटरमध्ये बसते.

कर्जातही धोका आहेच. पावसाळ्यात मोटरी बंद, पण हप्ता काही थांबत नाही. भागीदार निदान नुकसान तरी वाटून घेतो. म्हणून माझं मत असं की लागेल तेवढंच घ्यावं. मामाला आज एक चांगलं वाइंडिंग मशीन आणि हाताखाली एक पोरगा हवा आहे. त्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज बघता येईल. पोरगा एकटा दुकान सांभाळायला लागला, की मग साकोलीचा विचार.

मामाने अजून हो-नाही काही कळवलेलं नाही. रोज फोन करून मी त्याचं डोकं खाते!

उद्या आपल्यातलेही काही जण धंदा काढतील. फंडिंग मागण्याआधी स्वतःला एकच विचारा. मी आठ दिवस अंथरूण धरलं तर काम चालेल का? चालणार नसेल, तर आपण जो हिस्सा विकतो तो आपल्याच मेहनतीचा असतो. बघा पटतंय का!