पुराच्या पाण्याला पाच प्रश्न

जुलै उजाडला की सांगलीतल्या घराघरांत एकच प्रश्न कानी पडतो : 'आयर्विनला किती?' आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ वर गेले की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५७ फुटांच्याही वर गेला. पाणी ओसरले, गाळ उपसून झाला. पण तेव्हा पेटलेला अलमट्टी धरणाचा वाद काही शमला नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये या धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्यास कर्नाटकाला मुभा दिली. महाराष्ट्राने २०२५ मध्येही त्याला हरकत घेतली.

या वादात सगळे बोलतात, फक्त भूगोल गप्प असतो. त्यात आपलाही दोष आहे. भूगोल म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला, राजधान्या आणि पिके पाठ करण्याचा विषय, अशीच आपली समजूत. अमेरिकेतल्या भूगोलतज्ज्ञांनी १९८४ मध्ये शिक्षकांसाठी या विषयाची पाच सूत्रे मांडली : स्थान, स्थळाचे वैशिष्ट्य, माणूस आणि निसर्ग यांचा संबंध, दळणवळण आणि प्रदेश. हे पाच प्रश्न कृष्णाकाठाला विचारून पाहू.

पहिला प्रश्न : हे गाव आहे कुठे? महाबळेश्वरपासून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटर. पण कृष्णा त्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. कराडला तिला कोयना येऊन मिळते, सांगलीला खेटून हरिपुरात वारणा आणि थोडे खाली नरसोबावाडीला पंचगंगा. म्हणजे सांगली दोन संगमांच्या बेचक्यात बसलेली. खालची नदी तुंबली की वरची फुगते, हा इथला जुना नियम आहे.

दुसरा : हे ठिकाण कसे आहे? नरसोबावाडीला पाणी चढून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले, की 'दक्षिणद्वार' झाले म्हणून भाविक स्नानाला धावतात. हरिपूरच्या मातीत जमिनीखाली पेव खणून त्यात हळद साठवण्याची रीत होती. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि हळदीबरोबर एक परंपराही नासली. ज्या गावाने पुराचा सोहळा केला, त्याच काठावर पुराची धास्ती बसली.

का बसली, हा तिसरा प्रश्न. माणसाने नदीशी काय केले? धरणे बांधली, काठाला उसाचे हिरवे रान उभे केले, हे खरेच. पण सखल भागांत आणि नाल्यांवर भराव घालून घरेही बांधली. पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल पूररेषा आखली. प्लॉट विकणाऱ्याने ती दाखवली नाही आणि घेणाऱ्याने विचारली नाही. सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अतिवृष्टी आणि अतिक्रमणांवर बोट ठेवले. अलमट्टीला पुराचे कारण मानले नाही. अनेक पूरग्रस्तांना हा निष्कर्ष आजही पटलेला नाही.

चौथा प्रश्न दळणवळणाचा. त्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, मालमोटारींच्या रांगा लागल्या, कोल्हापूरचे दूध मुंबईला पोहोचेना. ब्रह्मनाळला तर पुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसांची बोटच ८ ऑगस्टला उलटली आणि कुटुंबेच्या कुटुंबे उजाड झाली. पाण्याला धरणातून गावापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. त्या तासांत नेमकी बातमी आणि पुरेशा नावा गावात पोहोचायला हव्यात. बातमीने पाण्याच्या पुढे पळायला हवे, आणि ते काम कोणत्याही लवादासाठी अडलेले नाही.

उरला पाचवा : आपला प्रदेश कोणता? सांगली जिल्ह्याच्या एका टोकाला पूर, तर जत-आटपाडीकडे दुष्काळ; मग जिल्हा हा तरी एक प्रदेश कसा म्हणावा? राज्याच्या सीमेवर रेघ ओढली, की दोष पलीकडच्यांचा ठरतो. खोऱ्याभोवती रेघ ओढली, तर साताऱ्यातला धरण-अभियंता, सांगलीतला बिल्डर आणि अलमट्टीच्या वाढीव पाण्यात ज्याची जमीन जाणार तो कर्नाटकातला शेतकरी एकाच पंक्तीत येऊन बसतात. उंचीवाढीने फुगवटा किती मागे येईल, हे विचारण्याचा महाराष्ट्राला पूर्ण हक्क आहे. पण त्याचे उत्तर बंगळुरूहून येईपर्यंत आपल्या हद्दीतली पूररेषा पुसत बसण्याचा हक्क कुणालाच नाही.

आज सुट्टी आहे. मुलांना घेऊन आपल्या गावाचा नकाशा उघडावा आणि आपले घर पूररेषेच्या आत येते की बाहेर, एवढेच शोधावे. उत्तर सापडले नाही, तर सोमवारी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. आयर्विनचा आकडा वाढू लागल्यावर हा प्रश्न विचारायला सवड मिळत नाही.