हुंडी वटली नाही, तर भरपाई कोणी करायची?

१/९
ग्राहक धनादेश खात्यात भरतो. वसुलीच्या भरवशावर बँक त्याला रक्कम आधीच उचलू देते. पैसे खर्च होतात आणि मग धनादेश न वटता परत येतो. बँक ती रक्कम खात्यातून वळती करून घेते. खाते रिकामे असेल, तर ग्राहकच बँकेचा ऋणको ठरतो. बुडवणारा तिसराच, पण पहिला फटका भरणाऱ्याला. हा प्रश्न धनादेशाहून जुना आहे.

२/९
धनादेश ‘वटतो’, तशीच पूर्वी हुंडी वटत असे. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या पेढीस रक्कम देण्याविषयी लिहिलेला कागद म्हणजे हुंडी. पेशवाईत उत्तरेतला पैसा पुण्यास आणण्यासाठी आणि दूरच्या फौजांचा खर्च भागवण्यासाठी हुंड्यांचाच आधार होता. या सेवेचे मोल म्हणजे हुंडणावळ.

३/९
शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. ते ‘शाह’ म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यामार्फतच मिळत. पैसे दिल्यानंतर हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर त्या शाहाने रक्कम व्याजासह परत करावी किंवा खरा गुन्हेगार हजर करावा, असा रिवाज होता. मध्यस्थाची प्रतिष्ठा हेच तारण होते.

४/९
हुंडी खरी असूनही समोरच्या पेढीने नाकारली तर? त्यासाठी ‘जिकरी चिठ्ठी’ असे. हुंडी लिहिणारा किंवा ती पुढे देणारा त्याच गावातील दुसऱ्या पेढीच्या नावे पत्र देई: हुंडी नाकारली गेल्यास रक्कम आपण द्यावी. परमुलखात अडकलेल्या धारकाला दाद मागण्याचे ठिकाण हाताशी मिळे.

५/९
जोखमी हुंडीत तर धोका कागदावरच नोंदलेला असे. माल सुखरूप पोहोचला तरच पैसे. बुडाला, तर नुकसान हुंडी विकत घेणाऱ्याचे. साहजिकच दर चढा असे. सतराव्या शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए यानेही भारतातील चढ्या दरांचा संबंध अशा जोखमीशी जोडला आहे.

६/९
या तिन्ही रिवाजांत एक सूत्र आहे. नुकसान होईल तेव्हा ते कोणी सोसायचे, हे व्यवहार होण्यापूर्वीच ठरलेले असे, आणि जोखीम पत्करणाऱ्याला ती ठाऊक असे. हुंडीचे खरे सामर्थ्य विश्वासापेक्षा या स्पष्टतेत होते.

७/९
१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले. धनादेशाची घडण मात्र निराळी झाली. धनादेश आणणाऱ्याचा हक्क सदोष निघाला, तरी सद्भावनेने व निष्काळजीपणा न करता ग्राहकासाठी वसुली करणाऱ्या बँकेला कलम १३१ संरक्षण देते. शाहाला अशी सवलत नव्हती.

८/९
१९८८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३८ धनादेश काढणाऱ्याला शिक्षेचा धाक घालते. परंतु ३० दिवसांत नोटीस पाठवणे, १५ दिवस वाट पाहणे, मग महिन्याभरात तक्रार करणे, हा भार पैसे बुडालेल्यावरच पडतो. २०१९ अखेर असे सुमारे ३५ लाख खटले प्रलंबित होते. शिक्षा कठोर झाली, तरी भरपाई दूरच राहिली.

९/९
म्हणून हुंडीचे दिवस परत आणावेत, असे नव्हे. शाहाची पत ओळखीच्या वर्तुळात चालत असे. त्या वर्तुळाबाहेरच्या अनोळखी माणसाला तिथे सहज प्रवेश नव्हता. बँक मात्र कोणाचेही खाते उघडते आणि लक्षावधी अनोळखी धनादेश हाताळते. शाहाइतके उत्तरदायित्व तिच्यावर लादणे अन्याय्य ठरेल. पण जोखमी हुंडीचा प्रामाणिकपणा उचलणे अवघड नाही. वसुली होईपर्यंत ती जमा ‘कच्ची’ आहे आणि धनादेश परतल्यास रक्कम ग्राहकाकडूनच घेतली जाईल, हे खात्यातील आकड्याशेजारीच ठळकपणे लिहावे. जिथे असा इशारा दिला नसेल, तिथे नुकसानीचा वाटा बँकेनेही उचलावा. धोका न सांगता तो दुसऱ्याच्या माथी मारणे जुन्या पेठेतही सचोटीचा व्यवहार मानले गेले नसते.