कसोटी सर्वांना एकच लावा!

आयुर्वेदाचा विषय निघाला की आपल्याकडील बुद्धिवादी मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो, 'पुरावा काय?' प्रश्नात जिज्ञासेपेक्षा उपहास अधिक आणि पाठीशी ऑक्सफर्डचे नाव. ऑक्सफर्ड विद्यापीठात १९९५ साली डेव्हिड सॅकेट यांच्या नेतृत्वाखाली पुराव्याधिष्ठित वैद्यकाचे केंद्र स्थापन झाले, हे खरेच. पण ते केंद्र कोणाशी झगडले, हे ही मंडळी सांगत नाहीत.

त्याचा गाजलेला संघर्ष झाडपाल्याशी नव्हे, औषध कंपनीशी झाला. टॅमिफ्लू या फ्लूवरील औषधाच्या साठ्यावर ब्रिटिश सरकारने ४२ कोटी पौंडांहून अधिक खर्च केला. चाचण्यांचे संपूर्ण अहवाल मात्र कंपनीच्या कपाटात! ते मिळविण्यासाठी केंद्राचे कार्ल हेनेघन, टॉम जेफरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही वर्षे झगडावे लागले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रौढांचा आजार सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत ओसरतो. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ टळते, याला भक्कम आधार नाही. यावर आमच्या बुद्धिवाद्यांनी किती अग्रलेख लिहिले?

परीक्षेचे वावडे या भूमीला कधीच नव्हते. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा चरकसंहितेत सांगितली आहे. आणि पुरावाच हवा ना? मग भगंदरावरील क्षारसूत्राचा घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली आणि १९९१ साली, म्हणजे ऑक्सफर्डचे केंद्र जन्मण्यापूर्वी, निकाल प्रसिद्ध केला. क्षारसूत्राने जखम भरण्यास वेळ अधिक लागला, सुमारे आठ आठवडे, शस्त्रक्रियेत चार. पण व्याधी उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळले. उणे-अधिक दोन्ही बाजू मांडणारा हा अहवाल किती टीकाकारांनी वाचला आहे?

मात्र आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. सहस्रावधी वर्षांच्या परंपरेचा दाखला देऊन मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व काही समूळ बरे करण्याच्या जाहिराती करणारे उत्पादक आयुर्वेदाची जी हानी करतात, ती कोणत्याही पुरोगाम्याला साधलेली नाही. परंपरा म्हणजे चाचणीतून मिळालेली सूट नव्हे. चरकाचे नाव घ्यायचे आणि परीक्षेला पाठ दाखवायची, हा चरकाचाच अवमान आहे.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली १९९८ पासून आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद एकत्र नांदत आहेत. दोन्ही शाखांच्या उपचारांची समान कसोटीवर तुलना करण्यास याहून योग्य स्थान कोणते? शासनाने त्यासाठी निधी द्यावा, चाचणीची नोंद ती सुरू होण्यापूर्वीच जाहीर व्हावी आणि निकाल आयुर्वेदाच्या विरोधात गेला तरी तो जसाच्या तसा छापला जावा.