अनियतकालिकांचे मखर

लघु-अनियतकालिकांचा विषय निघाला की आपल्याला गहिवर येतो. सायक्लोस्टाइल केलेले ‘शब्द’, मग ‘असो’, ‘वाचा’ ही नावे आपण स्तोत्रासारखी म्हणतो, जुन्या मुखपृष्ठांची छायाचित्रे एकमेकांना दाखवतो आणि चर्चा झाली असे समजतो. पण त्या मूठभर मंडळींची आपापसांत देवाणघेवाण कशाची होती?

निव्वळ कौतुकाची खचितच नव्हे. अशोक शहाणे यांनी १९६३ साली समकालीन मराठी वाङ्मयावर ‘क्ष-किरण’ टाकला; लेखकाचा ‘लेखकराव’ का होतो, हे भालचंद्र नेमाडे यांनी जाहीरपणे विचारले. लहान वर्तुळात असे बोलणे अधिक अवघड असते, कारण ज्याच्यावर लिहायचे तोच उद्या चहाला भेटणार असतो.

आपली वाचकमंडळेही लहानच आहेत. तिथे कविता येते, तिच्यामागून ‘अप्रतिम’ येते आणि विषय संपतो. मतभेद म्हणजे वैर, ही आपली समजूत. वर्गातही आपण चळवळीची सनावळ शिकवतो. तिने विचारलेले प्रश्न मात्र अभ्यासक्रमाबाहेर ठेवतो. विद्यार्थ्याला नेमाडे यांचे मत पाठ असते, स्वतःचे मत मांडायला तो धजत नाही.

हा वारसा नव्हे, ही पूजा झाली. वारसा सांगायचाच असेल, तर एखादा जुना अंक मखरातून खाली काढावा, वाचावा आणि त्यातली फसलेली कविता फसलेली आहे, असे म्हणावे. अंक काढणाऱ्यांना त्याचे वाईट खासच वाटले नसते.