सत्कार राहू द्या, आधी काडतुसांचं बोला

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण आपल्याच जिल्ह्याच्या पोरापोरींचा विषय आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक घेतलं आणि कोल्हापुरात चौकाचौकात फलक लागले. त्याआधी तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेतेपद आणलं होतं, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण. साहजिकच आता गावागावातले आईबाप पोरांना नेमबाजीला घालतायत. चांगलंच आहे. पण पोरं नेमकी कुठं अडतात, ते फलकावर येत नाही.

सुरुवात एअर रायफलनं होते, १० मीटरवर. छर्रे तुलनेनं स्वस्त. तिथपर्यंत शिक्षक, शेतकरी, रिक्षावाला बाप कसाबसा खेचतो. मग पोरगं चांगलं निघतं आणि ५० मीटरवर जायची वेळ येते. तिथं लागते पॉइंट टू टूची रायफल आणि तिचं काडतूस. रायफल कर्ज काढून एकदा घेता येते, किंवा क्लबची वापरता येते. काडतूस मात्र उडालं की संपलं. उद्या परत लागणार, परवा परत.

हा विषय निघाला की एक सल्ला हमखास येतो. परवा एक मित्र म्हणाला, "अरे, अमेरिकेत लोक घरी शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततात, रिकाम्या पुंगळ्या परत भरतात. आपली पोरं का नाही करत? पैसे वाचतील की." हेतू चांगला होता त्याचा. पण असे सल्ले देऊन आपण मूळ प्रश्नातून सुटका करून घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो सांगतो ते खोटं नाही. शिशाची ओतीव गोळी आणि बेताची दारू घालून कागदावर नेम धरायची परंपरा तिकडं जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी आपल्या नेमबाजीच्या मंडळ्या तिथंही सुरू केल्या. २०० यार्डांवर, म्हणजे साधारण १८३ मीटरवर, उभं राहून मारायचे. कित्येक जण एकच पुंगळी बाकावर बसून पुन्हा पुन्हा भरायचे आणि त्याच पुंगळीवर अख्खी स्पर्धा काढायचे. हॅरी पोप नावाचा कारागीर अशा रायफलींच्या नळ्या बनवायचा, त्याचं नाव जाणकार आजही काढतात. गोळी मऊ शिशाची, म्हणून वेग कमी ठेवायचा. धक्का कमी, आवाज कमी, खर्च कमी. आजही तिकडं या प्रकाराचे शौकीन आहेत.

मग आपल्याकडं का नाही? तीन कारणं आहेत.

पहिलं कारण काडतुसातच आहे. जी पुंगळी परत भरता येते तिच्या बुडाला मधोमध एक छोटी टोपी असते. घोड्याच्या ठोक्यानं ती पेटते आणि नंतर काढून नवी बसवता येते. पॉइंट टू टूला अशी टोपीच नाही. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो आणि ठोका बसला की ती कड चेपते. एकदा चेपली की पुंगळी भंगारात. आपल्या पोरांच्या ५० मीटर रायफलला आणि २५ मीटर पिस्तुलाला हेच काडतूस लागतं. म्हणजे ज्या खेळात आपण पदकं आणतो, तिथं हा उपाय मुळातच लागू नाही.

दुसरं, कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बाळगायलाही परवाना लागतो आणि बनवायला वेगळा. हौसेनं घरी काडतुसं भरत बसलात तर पदकाच्या आधी पोलीस दारात येतील. आणि खरं सांगायचं तर हा नियम मला चुकीचाही वाटत नाही. कमी दारूच्या काडतुसात पुंगळी बरीचशी रिकामीच असते. त्यात चुकून दोनदा दारू पडली तरी वरून लक्षात येत नाही, आणि रायफल हातात फुटते. घरच्या घरी करायचं हे काम नव्हे.

तिसरं कारण शिसं. ते ३२७ अंशाला वितळतं, म्हणून लोकांना वाटतं सोपं आहे. पण शिसं अंगात भिनतं. लहान मुलांसाठी शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणून माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. स्वयंपाकघराच्या शेजारी शिशाची भट्टी आणि अंगणात रांगणारं बाळ, हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा.

आता असा सल्ला देणाऱ्यांना एक हिशेब विचारतो. पॉइंट टू टूची गोळी साधारण २.६ ग्रॅम शिशाची. पोरगं दिवसाला १०० गोळ्या मारत असेल तर २६० ग्रॅम. वर्षातले ३०० दिवस धरा, ७८ किलो झालं. अशी वीस पोरं एका रेंजवर असतील तर वर्षाला दीड टनाच्या वर शिसं समोरच्या बांधात जातं. ते उपसतं कोण? रेंजवरची धूळ कोरड्या झाडूनं झाडली जाते का? झाडणाऱ्या मावशींना मास्क आहे का? पोरं त्याच हातानं डबा खातात, काही जण तर छर्रे ओठात धरतात. कुणी टोकतं का? घरी शिसं ओतू नका हे सांगणं सोपं आहे. रेंजवरच्या शिशाबद्दल मात्र आपण सगळे गप्प.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे.

एक, जिल्ह्याच्या क्रीडा निधीत काडतुसांसाठी वेगळी रक्कम ठेवा, आणि ती पदकानंतर नको, आधी द्या. सत्कार आणि मिरवणुकीवर एका दिवसात जो पैसा उडतो त्यात कितीतरी पोरांचा सराव निघेल. ठरावीक गुणांच्या वर गेलेल्या प्रत्येक पोराला वर्षाचा कोटा ठरवून मिळाला पाहिजे, ओळखीवर नाही.

दोन, काडतूस वेळेवर आणि एकाच लॉटचं द्या. बाहेरच्यांना हे माहीत नसतं, पण एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये फरक असतो. एक रायफल या लॉटवर छान चालते, त्या लॉटवर नाही. मोठे नेमबाज रायफल घेऊन युरोपात जातात आणि लॉट तपासून आणतात. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथं उरल्यासुरल्या खोक्यातली काडतुसं देऊन पोरगं कमी पडलं म्हणायचं, हा अन्याय आहे.

तीन, खडकी आणि वरणगावला दारूगोळ्याचे कारखाने आपल्याच राज्यात आहेत. म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आहे. तरी आपले वरच्या पातळीवरचे नेमबाज परदेशी काडतुसांवरच अवलंबून. स्पर्धेच्या दर्जाचं काडतूस इथं बनवायचा नेट कुणी लावणार आहे की नाही, हे आपल्या खासदारांनी विचारायला नको?

चार, रेंजवर हात धुवायची सोय, खाण्याची वेगळी जागा, ओल्या फडक्यानं सफाई आणि पोरांच्या रक्तातल्या शिशाची वर्षातून एकदा तपासणी. बांधातलं शिसं परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याला विकून ते पैसे काडतूस निधीत टाका. त्यातून सगळा खर्च निघणार नाही, हे मलाही कळतं. पण निदान बांध साफ होईल आणि हिशेब उघड्यावर येईल.

काही जण म्हणतील, काडतूस न उडवताही सराव होतो की. होतो. ड्राय प्रॅक्टिस सगळेच करतात आणि करायलाच पाहिजे. पण स्पर्धेत ६० गोळ्या खऱ्याच मारायच्या असतात.

पुढच्या वेळी तुमच्या भागात कुणी नेता नेमबाजाचा सत्कार करताना दिसला, तर हार घालून झाल्यावर एवढंच विचारा, "साहेब, आपल्या रेंजवरच्या पोरांना या महिन्याची काडतुसं मिळाली का?" उत्तर काय आलं ते मलाही कळवा.