बोलतो मराठी, पण लिहितो का?

मी सुरतचा. त्यातही लिंबायतचा. आप्पा अमळनेर तालुक्यातले, लूमवर काम करायला तरुणपणी इथं आले आणि इथलेच झाले. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकतो. प्रत्येक फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात मी न चुकता 'मराठी' भरतो. स्टेटसला शिवजयंती, महाराष्ट्र दिन, सगळं असतं.

मागच्या महिन्यात मात्र माझी पुरती फजिती झाली.

आजोबा वारले. गावच्या शेतीवर वारस नोंद करायची म्हणून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा होता. आप्पा म्हणाले, "तू शिकेल आहेस, लिही." कोरा कागद घेऊन बसलो आणि तासाभरात चार ओळीही धड लिहिता आल्या नाहीत. 'विषय' कुठे लिहायचा, 'महोदय' कुठे, काही आठवेना. लिहिलेल्या निम्म्या शब्दांवर तर शिरोरेघच नव्हती. हात सवयीने गुजराती वळणाने चालला होता. तेव्हा लक्षात आलं, सहा वर्षांत मी मराठीत एक अख्खं पान लिहिलेलं नाही. बोललो रोज. लिहिलं कधीच नाही.

सीमाभागातल्या मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांचं असंच आहे?

मला अक्षरओळख तशी शाळेच्या आधीच झाली. आप्पा चौथी शिकलेले. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. लूमवर पगार मीटरवर मिळतो. किती मीटर कापड निघालं, तेवढे पैसे. आप्पा रोज पाळी संपली की तारीख आणि मीटर लिहून ठेवायचे. एकदा खात्यावर हिशोबात मीटर कमी धरले गेले. बरोबरचे दोघं-तिघं भांडून दमले, काही मिळालं नाही. आप्पांनी डायरी पुढे केली. त्यांचे पैसे मिळाले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "लिखेल राहिलं म्हणजे बोलता येतं." माझ्या राज्यशास्त्राच्या तीन वर्षांत याहून मोठं वाक्य मला भेटलेलं नाही.

दुसरी शाळा म्हणजे आगगाडी. सुट्टीत गावी जाताना उधन्याला गाडीत बसलो की मी खिडकीशी. बारडोली, व्यारा, सोनगड, मग नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. पाट्या वाचत जायचो. सोनगडपर्यंत पाटीवर गुजराती असायची, ती मला वाचता यायची नाही. नवापूरचं स्टेशन तर अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. तिथून पुढे मराठी सुरू व्हायची आणि मला अचानक सगळं वाचता यायचं. लहानपणी वाटायचं, गाडी पुढे गेली की मी हुशार होतो! पाटीवर कुठली लिपी आहे यावरून माणूस आपल्या घरात आहे की परक्याच्या, हे कसं ठरतं ते बेळगाव-निपाणीच्या पोरांना मी काय सांगणार.

शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. सुरत महापालिकेचं कौतुक करायलाच हवं. इथली नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतूनही शिकवते. कामगारांच्या शहराला ते शोभतं. आठवीपर्यंत मी मराठीत शिकलो. नववीला चालत जाता येईल अशा अंतरावर मराठी शाळा नव्हती. म्हणून गुजराती माध्यम.

पहिल्या आठवड्यात वही तपासताना बाईंनी विचारलं, "आ उपर लीटी केम दोरे छे?" ही वर रेघ का ओढतोस? वर्ग हसला. गुजरातीला शिरोरेघ नसते. त्यांचा 'र' आपल्या दोनाच्या आकड्यासारखा. मी सवयीने रेघ ओढायचो, मग रबरानं पुसायचो. दिवाळीपर्यंत रेघ सुटली. शेजारच्या बाकावरच्या गुजराती मित्रानं स्वतःच्या वह्या देऊन मला शिकवलं. वर्षभरात मी गुजराती वर्तमानपत्र वाचायला लागलो. त्या भाषेनं मला दहावी, बारावी दिली. तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते, एक भाषा मिळताना दुसरी हातातून काढून का घेतली गेली, याच्याशी.

आता थोडं पुस्तकातलं. संविधानाचं अनुच्छेद 29 आपण भाषणांत नेहमी ऐकतो, पण त्यातले शब्द नीट बघा. भाषा, लिपी, संस्कृती. स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असणाऱ्यांना ती जतन करण्याचा हक्क. घटनाकारांनी 'लिपी' हा शब्द वेगळा लिहिला. भाषा तोंडात जिवंत असते आणि लिपी हातातून जाते, असं होऊ शकतं. सुरतच्या गल्ल्यांत आज तेच चाललंय. आम्ही बोलतो मराठी आणि मोबाईलवर लिहितो इंग्रजी अक्षरांत.

दुसरं, अनुच्छेद 350-अ. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने हे आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेत शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असं ते सांगतं. पण कुठल्या टप्प्यावर? प्राथमिक. त्यापुढे हे कलम गप्प आहे. माझी मराठी ज्या वर्गात थांबली, तिथंच हे कलमही थांबतं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं.

महाराष्ट्रानं 2020 मध्ये शाळांत मराठी सक्तीची केली, गुजरातनं 2023 मध्ये गुजराती. आपण एकाला टाळ्या आणि दुसऱ्याला शिव्या देऊ शकत नाही. ज्या राज्यात राहतो तिथली भाषा आलीच पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे, की जिथं आठवीला मराठी माध्यम संपतं, तिथं नववी-दहावीला मराठी हा निदान एक विषय म्हणून तरी जवळच्या शाळेत मिळावा. माध्यम बदलू दे, पण अक्षर सुटू नये.

कॉलेजात मला मित्र चिडवतात, "तुमच्या शिवाजीनं आमची सुरत लुटली." 1664 आणि 1670, दोन्ही सनावळ्या त्यांना पाठ. मी हसतो. पण मराठीनं सुरतेत काही ठेवलंही आहे, हे त्यांनाच काय, मलाही माहीत नव्हतं. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर इथल्या इंग्रजी शाळेत शिकवायला होते. त्यांचं व्याकरण 1836 मध्ये छापलं गेलं. मग 1844 मध्ये त्यांनी दुर्गाराम मेहताजी आणि इतर गुजराती सोबत्यांबरोबर याच शहरात मानवधर्म सभा काढली, जातिभेद आणि अंधश्रद्धेविरुद्ध. म्हणजे ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, ते याच सुरतेत मेहताजींच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. लुटीची तारीख सगळ्यांना माहीत, व्याकरणाची कुणालाच नाही. यात चूक त्यांची कमी, आपली जास्त. आपणच लिहिलं नाही, सांगितलं नाही.

आणि आमची मराठी म्हणजे तरी कुठली? घरात अहिराणी. मी हा लेख लिहीत होतो तर माय विचारते, "काय लिखी ऱ्हायना रे भाऊ?" माय साड्यांना टिक्क्या लावते, सही करते, वाचत नाही. शाळेत तिची बोली बोललो की 'शुद्ध बोल' म्हणायचे. मग गुजराती शाळेत मराठी चुकीची ठरली. अशी दोनदा जीभ आवरलेली पोरं लिहायला घाबरणारच. त्यांना मी बहिणाबाई चौधरींची आठवण देतो. आमच्या खानदेशातल्याच, जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं, कारण घरच्या मुलांनी ती उतरवून ठेवली होती, बोलीत होती तशीच. घरात लिहिणारं कुणी नसतं तर? आपल्या घराघरांत अशा किती माया असतील, ज्यांचं कुणी उतरवून घेतलं नाही?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. घोषणा द्या, मोर्चाला जा, कोर्टाची तारीख ठेवा लक्षात. पण महिन्यातून एक पान देवनागरीत लिहा. आजीची एक गोष्ट, नाहीतर वॉर्डातल्या गटाराची तक्रार, काहीही. अशुद्ध आलं तरी चालेल, बोलीत आलं तर उत्तमच. सरकारकडे मागायचं ते मागूच, पण हे पान कुठलंही सरकार आपल्याला देणार नाही आणि कुठलंही सरकार अडवणारही नाही.

धाकटी बहीण यंदा आठवीत आहे, माझ्याच शाळेत. येत्या जूनमध्ये ती त्याच वळणावर येईल. आप्पांनी ठरवलंय, नववीला गुजराती माध्यम. मला वाईट वाटतं, पण दोन बस बदलून पोरीला लांब पाठव, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? मी एवढंच ठरवलंय, दर रविवारी आम्ही दोघं एकेक पान लिहायचं.

सुरुवात त्या अर्जापासूनच झाली. दुसऱ्या दिवशी कसाबसा पूर्ण केला आणि तिला वाचायला दिला. तिनं पेन घेतलं आणि एका शब्दावर गोल केला. आजोबांचा 'मृत्यु' मी ऱ्हस्व लिहिला होता, गुजरातीसारखा.

"दादा, शेवटचा यू दीर्घ," ती म्हणाली.

तिच्या हातात अजून आहे. जूननंतर राहील की नाही, ते आता माझ्यावर आहे.